पातळी

कुरियातच्या पुढे हेरंबने गाडी वळवली,
म्हणाला, वादी दायका, आता थोडंच राहिलं.
वादी.
आमच्याकडे ती चामड्याची असते,
नाहीतर कोर्टात उभा असतो, तक्रार घेऊन.
इथे ती वर्षातून साडेअकरा महिने नुसते गोटे,
आणि उरलेल्या दिवसांत
गाड्या वाहून नेते, माणसांसकट.

मग करपलेल्या डोंगरांच्या मध्ये, काही न सांगता,
निळं.
निहारने विचारलं, आई, हे रंगवलंय का?

वर हिरवळ होती, फवाऱ्यांवर जगवलेली,
कडुनिंबाखाली चटया, मश्कीकचा धूर,
कागदी कपात करक चहा.
कठड्याला रेलून माणसं फोटो काढत होती
पाण्याकडे पाठ करून.
हेरंब म्हणाला, बघ ना.
मी बघतच होते,
फक्त पाणी नाही, पाण्याची कड.
कडेवर एक पांढरा पट्टा, चुनखडीचा,
कधीतरी इथवर होतं असं सांगणारा.

अप्पा आमच्या धरणावर पातळी वाचायचे.
पहाटे सहाला, बॅटरी घेऊन, सायकलवरून,
पावसाळ्यात तासातासाला.
मग बिनतारीवर: सहाशे पाच, दशांश चार शून्य, ओव्हर.
झोपेत मी तो आकडा ऐकायचे
आणि मग कूस बदलायचे.
रविवारी सहलीच्या बसेस यायच्या,
भेळेचे कागद सांडव्यापर्यंत उडायचे.
एका बाईंनी विचारलं होतं,
इथून सूर्यास्त छान दिसत असेल ना?
अप्पा म्हणाले,
त्याची नोंद आपल्याकडे नसते.

खुर्चीवर राखणदार बसला होता, खल्फान,
गुडघ्यांत काठी धरून.
मी मोडक्या हिंदीत विचारलं, आज किती?
तो हसला. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी.
म्हणाला, सगळे विचारतात संडास कुठे.
आकडा त्याला माहीत नव्हता,
यंत्र तो परस्पर मस्कतला कळवतं.
खाली गावात त्याच्या खजुरी आहेत.
आता पाणी चावी फिरवली की येतं, म्हणाला,
शहाण्यासारखं.
पूर्वी रात्रीचं यायचं, दगड घरंगळवत,
आम्ही आवाजावरून ओळखायचो
किती येतंय ते.
काठी उचलून त्याने हवेत एक उंची दाखवली:
माझ्या खजुरीला इथवर.
कुठल्या साली?
थोरल्याच्या लग्नाआधी.

मी व्हिडिओ कॉल लावला.
तिकडे दीड तास पुढे, अंधार पडलेला,
अप्पांच्या कपाळावर ट्यूबलाइटचा चट्टा.
बघा, म्हटलं, ओमान.
त्यांनी चष्मा शोधला, पुसला, घातला.
छान आहे, असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, खाली घे. अजून खाली. भिंतीपाशी.
पट्टी कुठाय?
तिथे, पाण्यात उतरणारे आकडे,
काही उन्हाने पुसट झालेले.
वारं आहे, अप्पा म्हणाले, कड हलतेय.
हलत्या पाण्याचं वाचायचं नसतं.
थांब, बसू दे.

आम्ही थांबलो.
निहार चिप्स खात माझ्या कमरेला टेकला.
फोन तापला, हात भरून आला,
रेंज गेली, आली,
अप्पांचं तोंड चौकोनी झालं, परत गोल झालं.
मागे सगळे एकदम ओरडले, गेला, गेला,
डोंगराआड,
आणि खल्फाननेही मान वळवली नाही,
तो माझ्या फोनमध्ये डोकावत होता,
म्हाताऱ्याने म्हाताऱ्याकडे बघावं तसा.

वारं पडलं.
मी कठड्यावरून वाकले.
हेरंबने मागून माझी ओढणी धरून ठेवली.
अडतीस, मी ओरडले, अडतीस आणि थोडं.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
पेन्सिल अजून हाताशीच असते वाटतं.

थोडं म्हणजे किती?